नकाशातली रेघ किती जाड?

धुऱ्याचं, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाचं, भांडण लागलं की गावात तीन नकाशे निघतात. एकाच्या हातात पटवाऱ्याकडून आणलेली गाव नकाशाची झेरॉक्स, दुसऱ्याच्या मोबाईलवर उपग्रहाचं चित्र, आणि तिसरा सांगतो की ऑनलाइन भूनकाशावर आपला गट थेट नाल्यापर्यंत दिसतो. तिन्हींतल्या रेघा एकमेकींवर बसत नाहीत. मग निष्कर्ष ठरलेला: कोणीतरी पैसे चारून रेघ सरकवली. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. नकाशातली रेघ जमिनीवर किती जागा खाते, एवढंच कोणी मोजलेलं नसतं.

हिशेब सोपा आहे. साध्या पेनाची रेघ साधारण अर्धा मिलीमीटर जाड असते. १:४,००० प्रमाणाच्या नकाशावर तिची जाडी जमिनीवर २ मीटर भरते. १:७,९२० च्या जुन्या नकाशावर जवळपास ४ मीटर. १:५०,००० वर २५ मीटर, आणि शाळेच्या भिंतीवर १:१०,००,००० चा नकाशा असेल तर त्यावरची रेघ अर्ध्या किलोमीटरची. धुरा असतो हात-दोन हात रुंद. तेव्हा दोन हातांचं भांडण चार मीटर जाडीच्या रेघेवर सोडवायला बसलं तर ते सुटणार कसं? त्यासाठी मोजणीच लागते. भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी झाल्यावर मिळणारा नकाशा, म्हणजे 'क' प्रत, हा हद्दीचा कागद. त्यावर अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेघांनी काढलेली असते. कोणती रेघ कशाची, हे त्याच कागदावरच्या टिपेत वाचायचं. पोर्टलवरचा नकाशा गट कुठे आहे, शेजारी कोण, वाट कुठून जाते हे बघायला उत्तम. त्यावर बोट ठेवून खुंट्या गाडायच्या नाहीत.

प्रमाण: सगळ्यात आधी हेच बघा

१:४,००० म्हणजे कागदावरचं १ सेंटीमीटर जमिनीवर ४,००० सेंटीमीटर, म्हणजे ४० मीटर. शाळेत याची तीन रूपं शिकवतात: 'एक सेंटीमीटरला ४० मीटर' हे शब्दप्रमाण, '१:४,०००' हे संख्याप्रमाण, आणि नकाशाच्या खाली काढलेली भाग पाडलेली पट्टी हे रेषाप्रमाण. परीक्षेत तिन्हींना सारखेच गुण असतील, व्यवहारात रेषाप्रमाण जास्त भरवशाचं. कारण झेरॉक्स.

ए-फोर कागदावरचा नकाशा दुकानदार 'मोठा करून देतो' म्हणत ए-थ्रीवर काढतो. मशीनवर तो १४१ टक्के असतो. लांबी १.४१ पट होते, क्षेत्रफळ दुप्पट. कोपऱ्यात छापलेलं १:४,००० मात्र जसंच्या तसं राहतं, आणि आता ते खोटं असतं. खरं प्रमाण साधारण १:२,८३० झालेलं आहे. त्या आकड्यावर विसंबून पट्टीने मोजलं तर दोन एकराचं वावर चार एकर भरतं. रेषाप्रमाणाची पट्टी मात्र नकाशाबरोबरच ताणली जाते, म्हणून ती खोटं बोलत नाही. मोबाईलवर काढलेल्या फोटोचंही तेच. शिवाय फोटो तिरपा काढला असेल तर एका बाजूचं प्रमाण एक आणि दुसऱ्या बाजूचं वेगळं, तिथे पट्टीही कामाची नाही. नकाशाची नक्कल घेताना चारही कोपरे, उत्तर दिशेचा बाण आणि ती पट्टी कागदावर आली आहे ना, हे दुकानातच बघून घ्यावं.

एक घोळ कायम होतो. 'मोठ्या प्रमाणाचा' नकाशा कोणता? आकडा मोठा तो नव्हे. १:४,००० हा बृहत्प्रमाण आणि १:१०,००,००० हा लघुप्रमाण. अपूर्णांक म्हणून बघा: चार हजारावा हिस्सा दहा लाखाव्या हिश्श्यापेक्षा मोठाच. बृहत्प्रमाणात जागा थोडी, तपशील जास्त, लघुप्रमाणात उलट.

जुने गाव नकाशे इंचात आहेत, आणि त्यात एक गंमत आहे. १ इंचाला ३३० फूट असेल तर प्रमाण १:३,९६०, आणि कागदावरचा एक चौरस इंच बरोबर अडीच एकर. १ इंचाला ६६० फूट असेल तर १:७,९२०, आणि एक चौरस इंच बरोबर दहा एकर. हे योगायोगाने जुळलेलं नाही. ३३ फुटांची साखळी, ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, या मापाला धरूनच ती प्रमाणं बसवली होती. आज सातबारा हेक्टर-आर मध्ये येतो. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा त्याहून किंचित मोठा, १०१.१७ चौरस मीटर. एक एकर म्हणजे जवळपास ४०.४७ आर. मेट्रिक नकाशावर हिशेब आणखी हलका: १:४,००० वर एक चौरस सेंटीमीटर म्हणजे १६ आर, १:१०,००० वर पूर्ण एक हेक्टर.

वाकडीतिकडी पांदण मोजायची तर पट्टी चालत नाही. शिवणाचा दोरा थोडा ओला करून वाटेवर वळणावळणाने बसवा, दोन्ही टोकांना पेनाची खूण करा, मग दोरा सरळ करून रेषाप्रमाणाच्या पट्टीवर धरा. वेड्यावाकड्या वावराचं क्षेत्र काढायला पारदर्शक कागदावर एक-एक सेंटीमीटरचे चौकोन आखा आणि नकाशावर ठेवा. पूर्ण चौकोन मोजा; अर्ध्याहून मोठा तुकडा एक धरा, अर्ध्याहून लहान सोडून द्या. पाच-सात टक्के इकडेतिकडे होईल, पण सातबारावरच्या आकड्यात ढोबळ गफलत असली तर ती दिसते. सातबाराशी ताळा करताना पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा, धरायला विसरू नका. नकाशावर ते वेगळं काढलेलं नसलं तरी त्या हद्दीच्या आतच असतं.

गाव नकाशा वाचताना

विदर्भात दोन तऱ्हेच्या कागदांची सवय लागते. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेलं, नागपूरचं राज्य १८५४ मध्ये. १९०३ पर्यंत दोन्हींचा कारभार वेगळा होता. वऱ्हाडात रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून) आणि सर्वे नंबर, नागपूरकडे मालगुजारी (सारा मालगुजारामार्फत) आणि खसरा, म्हणजे तिकडचा जमिनीच्या तुकड्याचा नंबर. म्हणून अकोला-अमरावतीकडचा माणूस 'सर्वे नंबर', 'गट नंबर' म्हणतो, आणि भंडारा-चंद्रपूरकडच्या कागदावर मौजा, खसरा क्रमांक, 'प.ह.नं.' म्हणजे पटवारी हलका नंबर, असे शब्द भेटतात. पूर्वेकडच्या मालगुजारी गावांत नकाशासोबत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हेही मागून घ्यावं. मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी, गुरांचा रस्ता, सरपणाचा हक्क हे नकाशात काढलेले नसतात, तिथे लिहिलेले असतात.

नकाशा हातात आला की आधी गावाचं नाव पूर्ण वाचा. बुद्रुक की खुर्द, हे न बघता भलत्याच गावाचा नकाशा आणलेले लोक कमी नाहीत. नावापुढे 'रिठी' असेल तर ते उजाड गाव: वस्ती नाही, पण महसुली हद्द, नंबर आणि नकाशा आहे. तुमचं वावर शेजारच्या रिठी मौजात मोडत असेल तर आपल्या गावाच्या नकाशावर ते जन्मात सापडणार नाही.

मग उत्तरेचा बाण. तो वर असेलच असं धरू नका. वावरात उभं राहून नकाशा असा फिरवा की बाण खऱ्या उत्तरेकडे जाईल. होकायंत्र वापरत असाल तर ट्रॅक्टर, विजेचा खांब, तारेचं कुंपण यांच्यापासून दहा-पंधरा पावलं दूर जा. मोबाईलच्या कव्हरला चुंबकाची टिचकी असेल तर कव्हर काढा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्या भागात एक अंशाचाही फरक पडत नाही, तेव्हा तो गावकामात सोडून दिला तरी चालतो.

आता पक्की जागा धरा: विहीर, नाल्याचं वळण, गावठाणाचा कोपरा, तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड. एकावर थांबू नका, निदान दोन खुणा जुळल्या पाहिजेत. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट. तरी त्या नकाशाची सूची बघूनच नक्की करा. पांदण नकाशावर आहे आणि जमिनीवर नाही, ही तर घरोघरची गोष्ट. दोन्ही बाजूंनी वखर-नांगर आत सरकत जातो आणि वीस वर्षांत पांदण वावरात जमा होते. नकाशावर ती असेल तर तक्रार अतिक्रमणाची होते. मुळातच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागावा लागतो. अर्ज कोणता करायचा ते ती तुटक रेघ ठरवते, म्हणून नकाशा आधी काढा, अर्ज मागून लिहा.

गावठाण मात्र गाव नकाशात बहुधा एक कोरा ठिपका असतो. आतली घरं त्यात नसतात. त्यासाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने १:५०० प्रमाणाचे नकाशे होत आहेत. १:५०० वर अर्धा मिलीमीटरची रेघ पाव मीटरची. घराच्या भिंतीचा वाद तिथे बघता येतो.

डोंगर, नाला आणि न दिसणारा उतार

गाव नकाशा सपाट असतो. त्यात उंची नसते. उंची हवी तर भारतीय सर्वेक्षण खात्याचा स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे टोपोशीट, बघायचा. १:५०,००० ची एक शीट १५ मिनिटं गुणिले १५ मिनिटांची. आपल्याकडे ती उत्तर-दक्षिण सुमारे २७.७ आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६ किलोमीटरचा मुलूख दाखवते. जुन्या पद्धतीत नागपूर शहर ५५ ओ/४ या शीटवर येतं. ५५ हा चार अंशांचा चौकोन. त्याचे ए ते पी सोळा भाग, वायव्य कोपऱ्यापासून आधी खाली आणि मग पुढच्या रांगेत असे मोजलेले. त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा.

रंगांची भाषा लक्षात राहते: तपकिरी रेघा उंचीच्या, हिरवा जंगलाचा, पिवळा लागवडीचा, लाल रस्ते-वस्तीचा. निळ्या-काळ्याचा भेद मात्र नीट बघा. ज्या नाल्याला पाणी असतं तो निळा, कोरडा पडणारा काळा. उन्हाळ्यात गुरांसाठी पाणी शोधणारा काळ्या रेघेच्या भरवशावर राहिला तर फसतो. बांधाशेजारी '४आर' असं काही इंग्रजी अक्षरात दिसलं तर ती सापेक्ष उंची: भोवतालच्या जमिनीपासून ४ मीटर.

तपकिरी रेघ म्हणजे समोच्च रेषा, सारख्या उंचीच्या जागा जोडणारी. या नकाशांवर दोन रेषांत साधारण २० मीटर उंचीचा फरक असतो. उतार असा काढा: दोन रेषांतलं अंतर ४ मिलीमीटर आलं तर जमिनीवर ते २०० मीटर; २०० मीटरमध्ये २० मीटर चढ, म्हणजे १० टक्के. अंतर ४ सेंटीमीटर आलं तर २ किलोमीटरमध्ये २० मीटर, १ टक्का. मेळघाटात चिखलदऱ्याच्या बाजूला, जिथे वैराटचा माथा पावणेबाराशे मीटरच्या घरात जातो, तिथे रेषा इतक्या दाटीने येतात की मोजायला भिंग लागतं. खाली दर्यापूरकडे पूर्णेच्या खोऱ्यात किलोमीटरच्या किलोमीटर एकही रेष नाही. याचा अर्थ जमीन काटेकोर सपाट आहे असा घेऊ नका. दोन रेषांच्या मधे १५ मीटरचा उतार खुशाल दडून बसतो. म्हणून बांधबंदिस्तीची आखणी टोपोशीटवर करता येत नाही. वावरात तेवढं काम ए-फ्रेम (ओळंबा लावलेली, इंग्रजी 'ए' च्या आकाराची लाकडी चौकट) किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी करते.

नाला कुठे आणि डोंगराची सोंड कुठे, हे रेषेच्या वळणावरून कळतं. नाल्यावर रेष वाकते आणि तिचं टोक वरच्या अंगाला, पाणी येतं त्या दिशेला जातं. सोंडेवर टोक खालच्या अंगाला. शंका आली तर रेषेवरचे आकडे वाचा. आकड्यांशिवाय खड्डा आणि टेकडी सारखेच दिसतात.

नाला बांधाची जागा ठरली की तिचं पाणलोट असं काढा. बांधाच्या खुणेपासून दोन्ही बाजूंना पेन्सिल न्या, प्रत्येक समोच्च रेषेला काटकोनात छेदत, चढत-चढत, सोंडेच्या माथ्यावरून. मधे एकही नाला ओलांडायचा नाही. ओलांडला तर तिथे चुकलं. दोन्ही रेघा वर जाऊन मिळाल्या की आतला भाग तुमच्या बांधाचा. चौकोनाच्या कागदाने मोजा: १:५०,००० वर एक चौरस सेंटीमीटर म्हणजे २५ हेक्टर.

आणि शीटचं सर्वेक्षण वर्ष बघा, तळाशी लिहिलेलं असतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या शीटवर गोसेखुर्दच्या पाण्याखालची गावं अजून नांदती दिसतात, समृद्धी महामार्ग नसतो, आणि मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला रेल्वे धावत असते.

रंगवलेले जिल्हे

विषयवार नकाशांबद्दल थोडक्यात. टिंब पद्धतीत एका टिंबाला ठरावीक संख्या, समघनी पद्धतीत सारख्या मूल्याच्या रेषा (पावसाचा नकाशा), आणि क्षेत्रघनी पद्धतीत जिल्हा किंवा तालुका एकाच छटेने रंगवलेला. या शेवटच्याने सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण छटा हद्दीपर्यंत सारखी पसरते. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची घनता चौरस किलोमीटरला ७४ माणसं. नकाशावर अख्खा जिल्हा फिकट. पण देसाईगंजची बाजारपेठ आणि भामरागडचं जंगल यांना एकच रंग देऊन काय कळणार? शिवाय छटा एकूण संख्येला दिली असेल तर मोठा जिल्हा नुसता मोठा आहे म्हणून गडद दिसतो. सूचीत 'दर हेक्टरी', 'टक्के' असं काही लिहिलंय का ते आधी बघा. महसूल मंडळाच्या पावसाचंही हेच: पर्जन्यमापक एका जागी, आकडा साऱ्या मंडळाला. शेजारच्या वावरात कोरडं असताना नकाशा निळा दिसतो तो त्यामुळे.

मोबाईलवरचे आकडे

अक्षांश-रेखांशाच्या चुका दिसायला बारीक आणि परिणामाला भयंकर असतात. नागपूर २१ अंश ९ मिनिटांवर आहे. हे दशांशात २१.०९ लिहिलं की झालं! ९ मिनिटं म्हणजे ९ भागिले ६०, म्हणजे ०.१५; बरोबर आकडा २१.१५. तेवढ्या चुकीने तुम्ही साडेसहा किलोमीटर दक्षिणेला जाता. अक्षांश आधी, रेखांश नंतर. उलटे टाकले, ७९ आधी आणि २१ नंतर, तर ॲप तुम्हाला उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्डच्या बेटांपाशी नेतं. दशांशानंतर पाच आकडे ठेवा, सुमारे एक मीटरपर्यंत नेमकेपणा राहतो. तीनच ठेवले तर शंभर मीटर गेले. मोबाईल स्वतः मात्र मोकळ्या आभाळाखालीही तीन ते पाच मीटर चुकू शकतो, संत्र्याच्या बागेत त्याहून जास्त. म्हणून तोच बिंदू वेगवेगळ्या वेळी दोनदा घ्या.

जुन्या टोपोशीटवर मोबाईलचे आकडे टाकले तर जागा शे-दोनशे मीटर सरकते. ती चूक मोबाईलची नव्हे. जुन्या शीट सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० च्या पृथ्वीगोलाच्या मापावर बेतलेल्या आहेत, मोबाईल डब्ल्यूजीएस-८४ हे जीपीएसचं माप वापरतो. एव्हरेस्टचं माप ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून आलं ते विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलं. हैदराबादेहून नागपूरकडे येताना १८२३ च्या जानेवारीत तो हिंगणघाटला वारला, कबर तिथेच आहे. त्याची दक्षिणोत्तर मोजणीची साखळी ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपासून गेली होती.

तोच ७८ अंश आज पुन्हा आडवा येतो. मीटरमधले, म्हणजे यूटीएम पद्धतीचे आकडे वापरताना ४३ आणि ४४ या दोन पट्ट्यांची सीमा तिथे आहे. ती मोर्शी आणि चांदूर रेल्वेच्या अगदी जवळून जाते. बुलढाणा, अकोला, अमरावती ४३ मध्ये; यवतमाळ शहर, वर्धा, नागपूर ४४ मध्ये. रेघेच्या पश्चिमेला पूर्वेचा आकडा सुमारे ८ लाख १२ हजार असतो आणि एक पाऊल पुढे टाकलं की तो सुमारे १ लाख ८८ हजारांवर उतरतो. एकाच गावातल्या दोन विहिरी दोन पट्ट्यांत असतील आणि यादीत पट्टा लिहिला नसेल, तर संगणकावर त्यातली एक विहीर सहाशे किलोमीटरहून जास्त दूर जाऊन बसते. म्हणून या रेघेजवळच्या गावांनी विहिरी, बोअर, शेततळ्यांच्या याद्या करताना प्रत्येक ओळीत पट्ट्याचा रकाना ठेवावा, नाहीतर सगळी नोंद सरळ अक्षांश-रेखांशातच करावी.